मालिकेत ऐकलेल्या जुन्या गाण्याचा माग कसा काढावा

मालिका किंवा चित्रपट बघताना एखादं जुनं गाणं दोन ओळींपुरतं कानावर पडतं आणि दिवसभर डोक्यात फिरत राहतं. मग शोध सुरू होतो आणि बहुतेकांचा तो नाव कळलं की संपतो. यूट्यूबवर पहिली दिसेल ती प्रत लावायची, थोडं ऐकायचं, पुढच्या व्हिडिओकडे जायचं. ती प्रत अनेकदा मूळ नसते. कुणी तरी पुन्हा गायलेली असते, मागे नवा ठेका चढवलेला असतो किंवा एखादं कडवंच गाळलेलं असतं. गाणं हाती आलं असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा मूळ ध्वनिमुद्रण, पूर्ण शब्द आणि ज्या प्रसंगासाठी ते बांधलं तो प्रसंग, असं तिन्ही तुमच्यापाशी असेल. तिथवर कसं पोहोचायचं ते इथे क्रमाने दिलं आहे.

ऐकताक्षणी काय टिपून ठेवायचं

गाणं संपल्यावर आठवू म्हणाल तर शब्द बदलतात, लय बदलते. म्हणून तिथेच थांबवा आणि फोनवर पाच गोष्टी लिहा: मालिकेचं किंवा चित्रपटाचं नाव आणि भाग, मिनिट-सेकंद, ऐकू आलेले शब्द जसेच्या तसे, आवाज पुरुषाचा की बाईचा की दोघांचा, आणि गाणं दृश्यातल्या रेडिओ-टीव्हीवर वाजत होतं, पात्र गात होतं की नुसतं मागे वाजत होतं. ही शेवटची नोंद लोक सोडून देतात, पण पुढे तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. दृश्यातल्या रेडिओवर वाजणारं गाणं बहुधा मूळ ध्वनिमुद्रण असतं. पात्राच्या तोंडी असलेलं बहुधा नव्याने गाऊन घेतलेलं असतं.

शक्य असेल तर पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा फोनवर ध्वनिमुद्रित करा, तोही संवाद नसलेल्या जागेचा. दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा मिळाला तर उत्तम, कारण त्यावर कुणी बोलत नसतं.

मग श्रेयनामावली बघा. ओटीटीवर ती सुरू होताच पुढचा भाग उडी मारून येतो, तेव्हा श्रेयनामावली बघण्याचं बटण लगेच दाबा. जुनं ध्वनिमुद्रण परवानगीने वापरलं असेल तर गाण्याचं नाव, मूळ चित्रपट आणि हक्क असलेल्या कंपनीचं सौजन्य तिथे लिहिलेलं असतं. ही पाटी कधी शेवटी, कधी अगदी सुरुवातीच्या आभारांत येते. दोन्ही ठिकाणी चित्र थांबवून वाचा.

जुनं गाणं नव्या पडद्यावर कसकशा रूपात येतं

शोधाची पद्धत यावरून ठरते. मूळ ध्वनिमुद्रणच वाजलं असेल तर काम सोपं. जुनं गाणं नव्या आवाजात आलं असेल तर अ‍ॅप नव्या गाण्याचं नाव देईल आणि मूळ तुम्हाला वेगळं शोधावं लागेल. 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' (२०१८) मध्ये 'गोमू संगतीनं' असंच नव्या आवाजांत येतं. मूळ गाणं 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटातलं. गीत सुधीर मोघे, संगीत हृदयनाथ मंगेशकर, आवाज हेमंतकुमार आणि आशा भोसले.

तिसरा प्रकार खास मराठी मालिकांचा, आणि जुन्या गाण्यांकडे जायला याहून चांगलं दार नाही. मालिकेचं नावच जुन्या गाण्याची ओळ असते. 'या सुखांनो या', 'का रे दुरावा', 'तुला पाहते रे', 'चंद्र आहे साक्षीला', 'रात्रीस खेळ चाले' ही सगळी आधी गाणी होती. शीर्षकगीत मात्र अनेकदा नव्याने लिहिलेलं आणि नव्या चालीत बांधलेलं असतं. त्यामुळे शीर्षकगीत अ‍ॅपला ऐकवून जुन्या गाण्यापर्यंत जाता येत नाही. तिथे शब्दच धरून जावं लागतं.

शब्दांवरून शोध

आधी देवनागरीत टाइप करा. रोमन लिपीत एकाच मराठी शब्दाची चार स्पेलिंगं होतात आणि निकाल विखुरतात. तीन-चार सलग शब्द अवतरणचिन्हांत घाला आणि पुढे 'गीतकार संगीतकार' हे शब्द जोडा. म्हणजे मालिकेच्या बातम्या मागे पडतात आणि गाण्याची माहिती वर येते.

तरीही सापडलं नाही तर तीन कारणं तपासा. पहिलं, तुम्हाला ध्रुवपद आठवतंय पण यादीत गाणं पहिल्या ओळीने लावलंय. 'चंद्र आहे साक्षीला' हे ध्रुवपद आहे, गाणं उघडतं ते 'पान जागे फूल जागे' या शब्दांनी. शिवाय चित्रपटाचं नाव 'चंद्र होता साक्षीला' (१९७८) असं आहे, त्यामुळे चित्रपटाच्या नावाने शोधणाऱ्याचीही एका शब्दावरून चुकामूक होते. दुसरं कारण, जुनं लेखन. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'पाहतें', 'गीतें' असे अनुस्वार भेटतात. अनुस्वार देऊन आणि काढून, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा शोधा. तिसरं, शब्द चुकीचा ऐकू आलेला असतो. ज्या शब्दाची खात्री नाही तो गाळा, खात्रीचे दोन शब्द ठेवा.

मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ हाताशी असावं. तिथे शब्दांबरोबर गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा नाटक आणि पुष्कळ गाण्यांचा रागही दिलेला असतो. हिंदीसाठी हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी दशकवार खंडांत रचलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' हा पक्का आधार. मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा.

सुरावरून शोध, आणि तो का फसतो

शझामसारखं अ‍ॅप चाल ओळखत नाही, विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखतं. त्या ध्वनिमुद्रणातले ठळक सूर कोणत्या क्षणी येतात याचा ठसा त्याच्या साठ्यात असतो आणि तुमचा तुकडा त्याच्याशी ताडला जातो. म्हणून गाणं नव्या आवाजात असेल, वर संवाद असेल किंवा ध्वनीचा वेग बदललेला असेल तर ते गप्प बसतं. वेग बदलण्याचं एक कारण तांत्रिक आहे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींच्या दूरचित्रवाणी पद्धतीत तसाच चालवला की लय सुमारे ४ टक्क्यांनी वाढते आणि सूर पेटीवरच्या शेजारच्या पट्टीच्या जवळपास चढतो. दुसरं कारण म्हणजे हक्कांच्या तपासणीतून निसटावं म्हणून मुद्दाम सूर-लय हलवून चढवलेल्या प्रती.

शब्द आठवत नसतील, नुसती चाल डोक्यात असेल तर गूगल अ‍ॅपमध्ये माइकवर जाऊन गाणं शोधण्याचा पर्याय निवडा आणि दहा-पंधरा सेकंद गुणगुणा. 'ला ला' किंवा 'ना ना' अशा एकाच अक्षरावर, लय न मोडता, मुखडा गुणगुणा, अंतरा नको. भावगीत आणि चित्रपटगीत यात बऱ्यापैकी सापडतं. नाट्यपदात मात्र गायक दर वेळी ताना आणि आलाप वेगळे घेतो, त्यामुळे तिथे या मार्गाचा फारसा उपयोग नाही. वेळ घालवू नका, नाटकाच्या नावावरून जा.

एक नमुना जवळून: 'रात्रीस खेळ चाले'

२०१६ साली झी मराठीवर कोकणातल्या नाईक कुटुंबाची ही मालिका आली आणि पुढे तिची आणखी दोन पर्वं झाली. मालिका पाहणाऱ्या पुष्कळांना हे नाव म्हणजे भुताखेतांची गोष्ट एवढंच माहीत आहे. आता वरची पद्धत लावून बघा. 'रात्रीस खेळ चाले' अवतरणचिन्हांत, पुढे 'गीतकार'. ओळ पूर्ण मिळते: 'रात्रीस खेळ चाले हा गूढ चांदण्यांचा, संपेल ना कधीही हा खेळ सावल्यांचा'. गीत सुधीर मोघे, संगीत हृदयनाथ मंगेशकर, आवाज महेंद्र कपूर. दुसऱ्या ओळीचा शेवट वाचा, तेच चित्रपटाचं नाव. म्हणजे हे 'गोमू संगतीनं'च्याच चित्रपटातलं गाणं. एकाच जोडओळीच्या सुरुवातीने मालिका नाव घेते आणि शेवटाने १९७६ चा चित्रपट ओळखला जातो.

आता दोन्ही गाणी पाठोपाठ लावा. गीतकार एक, संगीतकार एक, चित्रपट एक. पण 'गोमू' हे कोळीगीताच्या अंगाने जाणारं, खेळकर, आणि 'रात्रीस खेळ चाले' संथ आणि गूढ. गोमूतल्या खेळकरपणाची अपेक्षा ठेवून दुसरं ऐकायला जाल तर चकाल. तिसरं 'काजल रातीनं ओढून नेला' हे आशाबाईंच्या आवाजातलं गाणंही त्याच चित्रपटातलं. ही तीन गाणी ऐकल्यावर संगीतकाराचा आवाका किती आहे याचा अंदाज येतो, तो पंचवीस 'सर्वोत्तम गीतां'ची यादी ऐकून येत नाही. पुढे हेमंतकुमारांचा आवाज आवडला असेल तर शान्ता शेळके आणि हृदयनाथ यांच्या 'मी डोलकर' कडे जा, तिथे सोबत लताबाई आहेत.

माहिती पडताळणं

एका व्हिडिओखालच्या मजकुरावर विसंबू नका. चित्रपट किंवा नाटक, साल, गीतकार, संगीतकार, गायक, या पाचांपैकी किमान चार दोन वेगळ्या ठिकाणी जुळले तरच नोंद पक्की धरा.

सर्वांत जास्त चुका सालात होतात. गाणी ऐकण्याच्या अ‍ॅपवर दिसणारं वर्ष पुष्कळदा संकलनाचं किंवा डिजिटल प्रकाशनाचं असतं. १९६० चं गाणं २००० नंतरचं दिसतं. चित्रपटगीत असेल तर चित्रपटाचं साल धरा. भावगीत असेल तर कविता कधी लिहिली, आकाशवाणीवर कधी वाजली आणि तबकडी कधी निघाली ही तीन वेगळी सालं असू शकतात, त्यामुळे कोणतं साल लिहिताय ते शेजारी नोंदवा.

दुसरा घोळ नावांचा. सी. रामचंद्र संगीतकार म्हणून त्या नावाने आणि गायक म्हणून 'चितळकर' या नावाने छापलेले असतात. 'एक अलबेला' (२०१६) बघून कुणी भगवानदादांच्या 'अलबेला' (१९५१) कडे गेलं तर 'शोला जो भडके'पुढे लता मंगेशकर आणि चितळकर अशी नावं दिसतील. तो चितळकर म्हणजे स्वतः संगीतकार, मूळचे पुणतांब्याचे. तसंच 'आनंदघन' या नावाखाली लताबाई आहेत. 'साधी माणसं' (१९६५) मधलं 'ऐरणीच्या देवा तुला' आनंदघन यांचं, गीत जगदीश खेबुडकरांचं. आणि 'साधी माणसं' नावाची अलीकडची मालिकाही आहे, म्हणून या शोधात साल टाकायला विसरू नका.

मूळ प्रत कशी निवडायची

एकाच गाण्याच्या दहा प्रती समोर आल्या की आधी त्यांची लांबी बघा. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मजकूर मावायचा. त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ गाण्यांची तबकडीवरची प्रत आखूड आणि चित्रपटातली लांब असते. पडद्यावर एखादं जादा कडवं असतं, वाद्यांचा तुकडा मोठा असतो. एक प्रत तीन मिनिटांची आणि दुसरी साडेचारची असेल तर दोन्ही मूळ असू शकतात, दोन्ही ऐका.

गायकाचं नाव ताडा. मुखपृष्ठावर जुन्या नायक-नायिकेचं छायाचित्र आणि बारीक अक्षरात वेगळ्याच गायकाचं नाव, हा कॅसेटच्या काळापासूनचा प्रकार आजही चालू आहे. शीर्षकात 'झंकार', 'रिमिक्स', 'रिव्हायव्हल', 'लोफाय' असं काही असेल तर ती प्रत बाजूला ठेवा. झंकारमध्ये आवाज मूळ गायकाचाच असतो म्हणून फसायला होतं, पण वरून टाकलेल्या ठेक्याखाली मूळ तबल्याची ठेवण पार बुजते.

दोन प्रतींची पट्टी वेगळी वाटली तर हक्क असलेल्या कंपनीच्या अधिकृत वाहिनीवरची प्रत प्रमाण धरा. जुन्या एचएमव्हीच्या तबकड्यांचे हक्क सारेगामाकडे आहेत, त्यामुळे मराठी-हिंदीतलं बरंच मूळ साहित्य तिथे मिळतं.

गायनाच्या स्पर्धांतून

रिअ‍ॅलिटी शोमध्ये गाणं दोन-तीन मिनिटांत बसवतात. एक अंतरा जातो, लय थोडी वाढते, शेवटी मूळात नसलेली सरगम किंवा तान येते. ज्या जागेला टाळ्या पडल्या ती जागा मूळ गाण्यात आहे की नाही हे मुद्दाम तपासा, अनेकदा ती नसते. सादरीकरणाच्या वेळी पडद्याखाली येणारी मूळ गीतकार-संगीतकारांची पट्टी टिपा, आणि परीक्षक मूळ गायकाच्या एखाद्या श्वासाबद्दल, शब्दफेकीबद्दल बोलले तर ते वाक्यही. मूळ गाणं ऐकताना नेमकं तिथेच कान लावता येतो.

नाट्यसंगीत: इथे पायऱ्या जास्त

'कट्यार काळजात घुसली' (२०१५) या चित्रपटाने नाट्यपदांकडे वळलेले श्रोते खूप आहेत, आणि त्यांच्यातला नेहमीचा गैरसमज म्हणजे सगळी गाणी जुनी. तसं नाही. 'घेई छंद मकरंद', 'तेजोनिधी लोहगोल', 'सुरत पिया की' ही पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या नाटकातली, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. 'सूर निरागस हो', 'अरुणि किरणी', 'यार इलाही' ही चित्रपटासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी केलेली. यादीला दोन रकाने पाडा आणि आधी नाटकाचा रकाना ऐका. खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या वसंतराव देशपांड्यांची ध्वनिमुद्रणं लावा, मग चित्रपटातली तीच पदं. 'घेई छंद' नाटकात दोन बाजांत आहे, एक पंडितजींचा शांत, दुसरा खाँसाहेबांचा आक्रमक. दोन घराण्यांचं भांडण त्या एकाच पदात ऐकू येतं. एकच प्रत ऐकणाऱ्याला नाटकाचा हा गाभाच कळत नाही.

'बालगंधर्व' (२०११) मधून पुढे जाताना पायरी अवघड होते. चित्रपटात आनंद भाटे यांचा स्वच्छ आवाज आहे, तर बालगंधर्वांच्या स्वतःच्या तबकड्यांत खरखर आहे, वाद्यं दबलेली आहेत. थेट तिथे उडी मारली की लोक एका मिनिटात बंद करतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पदाचे शब्द वाचून अर्थ लावा, मग भाट्यांचं गाणं शब्द समोर ठेवून दोनदा ऐका, मगच तबकडी. शब्द पाठ झाले की कान खरखरीच्या मागचा आवाज आपोआप वेगळा काढतो. पद कोणत्या नाटकातलं हेही बघा. 'मानापमान' (१९११) च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, 'स्वयंवर' (१९१६) च्या भास्करबुवा बखल्यांच्या. दोन्ही नाटकं खाडिलकरांची, गायक तोच, तरी बाज निराळा.

संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पुष्कळदा पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ चिजेचे किंवा आधीच्या पदाचे शब्द दिलेले असतात, शेजारी राग-तालही. इंटरनेट आर्काइव्हवर अशी जुनी पुस्तकं स्कॅन केलेली मिळतात. ती एक ओळ घेऊन मूळ बंदिश शोधली की पदाच्याही मागे एक पिढी जाता येतं.

ऐकायचं कसं

पहिल्यांदा चित्र बंद ठेवून. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. तिसऱ्यांदा मूळ चित्रपटातलं दृश्य, आणि शक्यतो त्याच्या आधीची पाच मिनिटं धरून. 'तुला पाहते रे' हे नाव मालिकेमुळे प्रेमात पडलेल्या मुलीचं वाटतं. मूळ ओळ 'तुला पाहते रे तुला पाहते, जरी आंधळी मी तुला पाहते' अशी आहे, 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मधल्या अंध मुलीच्या तोंडची. गीत ग. दि. माडगूळकरांचं, संगीत सुधीर फडके यांचं, आवाज आशा भोसले यांचा. मालिकेने घेतलेला अर्धा तुकडा आणि ही पूर्ण ओळ यांत जे अंतर आहे ते दृश्य पाहिल्यावरच नीट पोहोचतं.

त्या काळातली बहुतेक ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, दोन्ही कानांत एकच आवाज. त्यामुळे फोनमधला 'सराउंड' आणि 'बास' वाढवणारा पर्याय बंद करा. त्याने गायकाचा आवाज पोकळ होतो आणि तबल्याचा डग्गा उगाच घुमतो. साधा एक स्पीकर पुरेसा आहे.

पुढचा धागा

गाणं संपलं की अ‍ॅप स्वतःहून 'असंच आणखी' लावतं. ते बंद करा आणि माणसांच्या धाग्याने जा. एक खरा धागा बघा. पुण्यात घडणारा श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८) सुरुवातीलाच छायागीत आणि चित्रहार या कार्यक्रमांना अर्पण केलेला आहे. त्यात अनिल धवन जुन्या नटाच्या भूमिकेत आहेत आणि त्यांच्याच चित्रपटांतली गाणी कथेत येतात. त्यातलं 'ये जीवन है' हे 'पिया का घर' (१९७२) मधलं, गीत आनंद बक्षी, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आवाज किशोरकुमार. 'पिया का घर' हा राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या मराठी चित्रपटावरून केलेला. मराठी चित्रपटात गदिमा आणि फडके, आणि गाणी 'प्रथम तुज पाहता', 'आज कुणीतरी यावे', 'का रे दुरावा'.

म्हणजे २०१८ च्या हिंदी चित्रपटातून निघालेला माग चार पावलांत २०१४ च्या एका मराठी मालिकेच्या नावापाशी येतो. जागेच्या अडचणीमुळे नवपरिणीत जोडप्याला एकांत मिळत नाही, हाच प्रश्न हिंदीत 'ये जीवन है' समजूत घालत सांगतं आणि मराठीत 'का रे दुरावा' लाडीगोडीने. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघा, गाणी जिथे येतात ते प्रसंग ताडून बघा.

नोंदींसाठी साधी वही किंवा फोनमधला तक्ता चालेल. रकाने सहा: कुठे ऐकलं, मूळ कुठलं, साल, गीतकार-संगीतकार, गायक, पुढचा धागा. सहावा रकाना रिकामा राहिला तर त्या चित्रपटातलं आणखी एक गाणं ऐका आणि मग भरा. आठवड्याला एक चित्रपट किंवा एक नाटक एवढाच वेग ठेवा. विविध भारतीवर सकाळी 'भूले बिसरे गीत' लागतं तेव्हा वही जवळ असू द्या, निवेदक चित्रपट, गीतकार आणि संगीतकार सांगतात. घरातल्या मोठ्यांना विचारताना 'हे गाणं कुठलं' असं नुसतं विचारू नका. नायक-नायिका कोण होते, प्रसंग काय होता, चित्रपट कुठल्या थिएटरात पाहिला, असं विचारा. त्यावरून चित्रपट निघतो, आणि चित्रपट निघाला की बाकीचे रकाने भरतात.